गावाच्या इतिहासात गावासाठी जागा ठेवा

प्रश्न असा आला आहे: ‘आम्ही चार-पाच जणांनी बरीच वर्षं खपून आमच्या गावाचा इतिहास गोळा केला. पुस्तक छापलं, व्याख्यानं ठेवली. पुस्तकाचे गठ्ठे पडून आहेत, व्याख्यानांना तेच ते लोक येतात, तरुण मुलं तर फिरकतच नाहीत. इतिहास लोकांपर्यंत नेण्याच्या कल्पक वाटा कोणत्या? आणि त्या धरल्या तर इतिहासाचं गांभीर्य तर जाणार नाही ना?’

तुमचं काम वाया गेलेलं नाही, हे आधी सांगतो. कागद न तपासता, माणसांशी न बोलता थेट कार्यक्रम करायला निघालेले पुष्कळ भेटतात. त्यांची प्रदर्शनं देखणी होतात आणि कुणी दुसरा प्रश्न विचारला की अडतात. तुमच्याकडे अस्सल ऐवज आहे. अडचण अशी, की तुम्ही तो पुरा करून, बांधून लोकांपुढे ठेवलात. दूरच्या राजांचा किंवा महायुद्धांचा इतिहास असा सांगितला तर चालतं, कारण ऐकणाऱ्याकडे त्यात स्वतःची भर घालण्यासारखं फारसं नसतं. गावाच्या इतिहासात नेमकं उलट असतं. तुम्ही ज्या जुन्या कारखान्याबद्दल बोलता, तिथे आपले वडील कोणत्या यंत्रावर उभे राहायचे, हे समोर बसलेल्या बाईंना ठाऊक असतं. त्यांना तासभर गप्प बसवून तुम्ही त्यांनाच कारखाना समजावून सांगता. पुढच्या वेळी त्या येत नाहीत, आणि त्यात त्यांचं काहीच चुकत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं: नवं माध्यम शोधण्याआधी तुमच्या इतिहासात काय सापडलेलं नाही ते शोधा आणि ते लोकांसमोर ठेवा. नाटक करायचं, फेरी काढायची की भिंत रंगवायची, हे त्यानंतर ठरवणं सोपं जातं.

याचं मला माहीत असलेलं सगळ्यांत चांगलं उदाहरण दक्षिण आफ्रिकेतलं आहे. केप टाऊनमधल्या डिस्ट्रिक्ट सिक्स या वस्तीत वेगवेगळ्या वंशांची, धर्मांची माणसं शेजारीशेजारी राहत होती. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी वर्णभेदी सरकारने ती वस्ती फक्त गोऱ्यांसाठी राखीव असल्याचं जाहीर केलं. पुढच्या काही वर्षांत सुमारे ६० हजार माणसांना तिथून उठवलं, शहराबाहेरच्या रेताड सपाटीवर नेऊन वसवलं आणि त्यांची घरं बुलडोझरने पाडली. १९९४ मध्ये एका जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये या वस्तीचं संग्रहालय उघडलं. वस्तीच पुसली गेली होती, तर मांडायचं काय? त्यांनी चर्चच्या जमिनीवर वस्तीचा मोठा नकाशा अंथरला आणि येणाऱ्या जुन्या रहिवाशांना सांगितलं, तुमचं घर कुठे होतं ते इथे लिहा. लोकांनी आपापल्या गल्लीत आपापली नावं लिहिली. सोबत एक लांब कापड ठेवलं होतं. येणारा त्यावर नाव, पत्ता, एखादी आठवण लिहायचा आणि नंतर ती अक्षरं सुईदोऱ्याने भरली जायची. पाडकामावर असलेल्या एका माणसाने रस्त्यांच्या नावांच्या पाट्या फेकून न देता जपून ठेवल्या होत्या. त्याही तिथे आल्या.

यात यंत्र कुठलंच नाही. नकाशा, कापड आणि लिहायला पेन. संग्रहालयाने जो भाग कोरा ठेवला, तोच त्याचा गाभा झाला. लोक तिथे आपली वस्ती ‘पाहायला’ गेले नाहीत, ती पुन्हा मांडायला गेले.

तुम्ही पुस्तक लिहिलेलं असल्यामुळे कोऱ्या जागा तुमच्याइतक्या नीट कुणालाच माहीत नसणार. कोणत्या छायाचित्रातली माणसं ओळखता आली नाहीत? कोणत्या इमारतीचं मूळ नाव सापडलं नाही? कोणत्या वर्षांचे कागदच नाहीत? कोणत्या वस्तीबद्दल तुमच्या पुस्तकात जेमतेम परिच्छेदभर मजकूर आहे? ही यादी बसून लिहून काढा. मग तिच्यातलं एक समूहचित्र निवडा, ते मोठं छापा, प्रत्येक चेहऱ्याला क्रमांक द्या आणि जिथे लोकांना थांबावंच लागतं अशा ठिकाणी लावा: वाचनालय, बसथांबा, दवाखान्यातली वाट पाहायची खोली. खाली क्रमांकांपुढे कोऱ्या ओळी आणि दोरीला बांधलेलं पेन. सुरुवातीचे काही दिवस कुणी हात लावत नाही, त्याने खचू नका. पहिलं नाव तुम्ही कुणा वयस्कर माणसाला विचारून त्यांच्याच हाताने लिहून घ्या. मग दुसरं कुणी येऊन म्हणतं, हे ते नव्हेत, हे त्यांचे धाकटे भाऊ. तिथून चर्चा पेटते. माझ्या कामात मी हे इतक्या वेळा पाहिलं आहे, की आता कुठल्याही नव्या गावात याच चित्रापासून सुरुवात करतो. एखाद्या गंभीर भाषणाने जे होत नाही ते त्या कोऱ्या ओळीने होतं: माणूस घरी जाऊन आईला विचारतो.

पडून असलेल्या पुस्तकाचंही हेच करा. ते अखंड विकायचा हट्ट सोडा. एकेका गल्लीबद्दलचा मजकूर वेगळा काढा, मोठ्या अक्षरात, रुंद समास ठेवून चार-आठ पानांवर छापा आणि त्याच गल्लीतल्या घरांत नेऊन द्या. सोबत एकच विनंती करा, की चुकलेलं किंवा राहिलेलं समासात लिहून परत द्या. स्वतःच्या घराचा उल्लेख असलेलं पान न वाचता बाजूला ठेवणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

आता जागेबद्दल. जमेल तितकं सभागृहातून बाहेर पडा. गावाच्या इतिहासाचं मोठं बळ हे, की घटना जिथे घडली ती जागा बहुतेक वेळा अजून तिथेच असते आणि लोक रोज तिथून जात-येत असतात. जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर आनेयोशी नावाची छोटी वस्ती आहे. १९३३ च्या त्सुनामीनंतर तिथल्या लोकांनी डोंगरउतारावर एक दगड उभा केला आणि त्यावर कोरलं, की या जागेच्या खाली घर बांधू नका. पुढच्या पिढ्यांनी ते पाळलं. २०११ ची लाट त्या दगडाच्या खालीच थांबली आणि वरची घरं वाचली. पण हिरोशिमा प्रांतातल्या साका गावात वेगळं घडलं. तिथेही शंभरावर वर्षांपूर्वीच्या पुराची आठवण देणारा दगड उभा होता, पण त्याचा इशारा लोकांच्या व्यवहारात उरला नव्हता. २०१८ च्या अतिवृष्टीत तिथे पुन्हा माणसं दगावली. त्यानंतर २०१९ मध्ये जपानच्या नकाशा खात्याने आपत्तींची आठवण सांगणाऱ्या अशा शिळांसाठी नकाशावर नवं चिन्हच आणलं.

दगड दोन्हीकडे होता. मजकुराच्या शब्दांमुळेच सगळा फरक पडला असं मी म्हणणार नाही. पण आनेयोशीच्या दगडावरचं वाक्य वाचणाऱ्याला आज काय करायचं ते सांगतं, आणि लोकांनी ते घर बांधताना खरोखर वापरलं. तुमचा फलक लिहिताना हे मनात असू द्या. फलकांचा बहुतेक मजकूर पुस्तकातून उचललेला असतो: कुणी बांधलं, कधी बांधलं, नंतर कुणाकडे गेलं. उभ्याने वाचणारा माणूस दोन ओळींत निघून जातो. त्याऐवजी पहिल्या वाक्याने त्याची नजर वळवा. ‘समोरच्या भिंतीत कमरेच्या उंचीवर दगडाचा रंग बदललेला दिसतो, पुराचं पाणी तिथपर्यंत चढलं होतं.’ आता तो भिंतीकडे बघणार, मग उरलेलं वाचणार. साठ-सत्तर शब्दांत फलक संपवा. अधिक सांगायचं असेल तर क्यूआर कोड द्या, पण महत्त्वाची गोष्ट कोडच्या मागे दडवू नका. बरेच लोक तो स्कॅन करत नाहीत.

फेरी काढणार असाल तर सगळं तुम्हीच बोलू नका. कॅनडातल्या टोरोंटोमध्ये २००७ साली, शहरांच्या अभ्यासक जेन जेकब्स यांच्या आठवणीत, रहिवाशांनी रहिवाशांना आपला भाग दाखवायच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि पुढे अनेक देशांत पसरल्या. त्यांची रीतच अशी, की चालता चालता गप्पा व्हाव्यात. प्रत्येक थांब्यावर तिथे राहणारं किंवा राहिलेलं कुणीतरी दोन-तीन मिनिटं बोलेल असं ठरवा. तुमचं काम दुवा सांधायचं आणि तारखा सांभाळायचं. आणि थांबे कमी ठेवा. थकलेल्या माणसाला शेवटच्या देवडीचं शिल्प आठवत नाही.

नावाची ताकद किती असते, हे सांगायला दोन उदाहरणं घेतो. जर्मन कलावंत गुंटर डेमनिग यांनी १९९० च्या दशकात पदपथांत छोटे चौरस ठोकळे बसवायला सुरुवात केली. वर दहा सेंटिमीटरची पितळी पट्टी, तिच्यावर ‘येथे राहत होते’ असे शब्द, मग नाव, जन्मवर्ष आणि नाझींनी त्या माणसाचं काय केलं ते. एक माणूस, एक दगड, आणि तो त्याने शेवटचं स्वेच्छेने निवडलेल्या घरासमोर. मे २०२३ मध्ये न्युरेम्बर्गला एक लाखावा दगड बसला. एवढा पसारा एका कलावंताच्या हातून झालेला नाही. त्या त्या गल्लीतले रहिवासी, शाळेतली मुलं, दूरदेशी गेलेले नातेवाईक दप्तरं चाळून एकेक नाव शोधून काढतात. ‘या घरात आपल्या आधी कोण राहत होतं?’ इतका साधा प्रश्न असतो. दगड बसतो तेव्हा तो शोधणाऱ्यांचाही झालेला असतो.

दुसरं उदाहरण १ जुलै २०१६ चं. पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईला त्या दिवशी शंभर वर्षं झाली. त्या लढाईच्या पहिल्याच दिवशी १९,२४० ब्रिटिश सैनिक मारले गेले होते. कलावंत जेरेमी डेलर आणि दिग्दर्शक रूफस नॉरिस यांनी सुमारे १,४०० स्वयंसेवक तयार केले, आणि त्या दिवशी ब्रिटनभरच्या रेल्वे स्थानकांवर, बाजारपेठांत पहिल्या महायुद्धातल्या गणवेशातली तरुण मुलं अचानक दिसू लागली. ती काही बोलत नव्हती. कुणी जवळ गेलं की एक कार्ड हातात द्यायची. कार्डावर त्या दिवशी मेलेल्या एका सैनिकाचं नाव, त्याची तुकडी आणि शक्य असेल तिथे वय. आधी जाहिरात नव्हती, भाषण तर नव्हतंच. मला यातली शिस्त फार मोलाची वाटते. त्यांनी सैनिकांच्या तोंडी कल्पित संवाद घातले नाहीत. जे ठाऊक होतं तेवढंच कार्डावर छापलं आणि बाकीचं कामावर निघालेल्या प्रवाशावर सोपवलं.

इथेच तुमच्या गांभीर्याच्या प्रश्नाचं उत्तर आहे. इतिहासाचं वजन रंगाने, नाट्याने किंवा खेळाने कमी होत नाही. खरं काय, ऐकीव काय आणि रचलेलं काय, हे प्रेक्षकाला कळेनासं झालं की ते कमी होतं. मी माझ्या प्रत्येक कामात तीन खुणा ठेवतो आणि त्या लोकांना उघड दाखवतो. कागदाचा किंवा वस्तूचा आधार असलेली गोष्ट, कुणीतरी सांगितलेली गोष्ट (सांगणाऱ्याची ओळख आणि सांगितल्याचं वर्ष यांसह), आणि आम्ही अंदाजाने भरलेली गोष्ट. प्रदर्शनात तीन रंगांच्या कडा पुरतात. नाटुकल्यात सूत्रधाराने सांगितलं तरी पुरतं, की हे पत्र खरं आहे आणि हे बोलणं आम्ही कल्पिलं आहे. लोक याने नाराज होतील अशी भीती बऱ्याच जणांना वाटते. अनुभव उलटा आहे. ‘हा आमचा अंदाज’ असं लिहिलेल्या जागेवर लोक सर्वांत जास्त रेंगाळतात, कारण तिथे त्यांना बोलायला वाव असतो. न्यूयॉर्कच्या टेनमेंट म्युझियममध्ये १८६३ साली बांधलेल्या एका भाड्याच्या इमारतीतल्या खोल्या, तिथे खरोखर राहून गेलेल्या स्थलांतरित कुटुंबांच्या नोंदींवरून सजवल्या आहेत. पण काही खोल्या त्यांनी जशा सापडल्या तशाच ठेवल्या: थरावर थर चढलेले भिंतीचे कागद, सोललेला रंग. सजवलेली खोली बघून झाल्यावर अशी खोली बघितली, की आधी पाहिलेलं किती कष्टाने जुळवलेलं होतं ते न सांगता कळतं.

ऐकीव गोष्टी पुढच्या पिढीने कशा सांगायच्या, यावर हिरोशिमा शहराने फार विचारपूर्वक व्यवस्था लावली आहे. अणुबॉम्बमधून वाचलेली माणसं वृद्ध होत चालली, तेव्हा २०१२ पासून शहराने त्यांच्या आठवणी पुढे सांगणाऱ्यांना तयार करायला सुरुवात केली. ही माणसं वाचलेल्या व्यक्तीजवळ बसून तिची हकिगत शिकतात, इतिहासाचा अभ्यास करतात आणि मगच श्रोत्यांपुढे उभी राहतात. ती स्वतःला साक्षीदार म्हणवत नाहीत. दुसऱ्याची साक्ष आपण सांगत आहोत हे त्यांच्या श्रोत्यांना माहीत असतं. तुमच्या गावातल्या वयस्कर माणसांबाबत हे लवकर सुरू करा. बाकीचं सगळं थांबू शकतं, हे नाही.

आणि तरुणांना नेमकं हेच काम द्या. त्यांना श्रोते म्हणून बोलावलं तर ती येणार नाहीत. काम दिलं तर येतील. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, ॲपलाचियन डोंगरांतल्या रेबन गॅप इथल्या शाळेत मुलांनी ‘फॉक्सफायर’ नावाचं नियतकालिक सुरू केलं. परिसरातल्या वृद्धांकडे जायचं, लाकडी घर कसं बांधतात, साबण कसा करतात, रानातली कोणती मुळी कशावर देतात ते विचारायचं, टिपून घ्यायचं, छापायचं. त्यातून निघालेल्या पुस्तकांच्या लाखो प्रती खपल्या. ते यशस्वी व्हायचं एक कारण मला मुलांच्या प्रश्नांत दिसतं. ‘तुमच्या काळी कसं होतं?’ असं विचारलं की वृद्ध माणूस ‘फार चांगलं होतं’ म्हणून थांबतो. ‘तुम्ही हे कसं करायचात, आधी काय, मग काय?’ असं विचारलं की त्याचे हात हलायला लागतात, आणि हातांबरोबर नावं, भांडणं, हिशोब, कोण आत यायचं आणि कुणाला दाराशी थांबवायचे, हे सगळं बाहेर येतं. मुलांना रेकॉर्डर धरायला शिकवायच्या आधी हा एक फरक शिकवा. खोलीतला पंखा बंद करायला, फोन विमान मोडवर ठेवायला आणि उत्तर संपल्यावर मनात पाच अंक मोजून मगच पुढचा प्रश्न विचारायलाही शिकवा. बऱ्याचदा खरी गोष्ट त्या पाच अंकांत येते. रेकॉर्डिंग कशासाठी वापरणार हे आधी सांगून लेखी संमती घ्या, आणि छापण्याआधी किंवा ऐकवण्याआधी त्या व्यक्तीला दाखवा. काही जण एखादा भाग काढायला सांगतील. काढा.

आता थोडं अवघड. गावाच्या इतिहासात दुखरे भाग असतातच: कुणाची जमीन गेली, कुणाला पाणी नाकारलं, कोणत्या दंगलीत शेजाऱ्याने शेजाऱ्याचं घर दाखवलं. कल्पक उपक्रम बहुधा हे टाळून फक्त वाड्यांची आणि विजयांची चित्रं रंगवतात, आणि ज्यांचं दुखणं वगळलं ते दूरून बघत राहतात. तो भाग घ्या, पण रूप ठरवताना ज्यांचं दुःख आहे त्यांचं ऐका. मघाशी सांगितलेल्या पितळी दगडांना म्युनिक शहराने आपल्या सार्वजनिक पदपथांवर परवानगी दिली नाही. तिथल्या ज्यू समाजातल्या प्रमुखांचं म्हणणं होतं, की मृतांची नावं लोकांच्या पायाखाली येऊ नयेत. दुसरे ज्यू कुटुंबीय मात्र दगड हवेत म्हणत होते. वर्षानुवर्षं वाद चालला. शेवटी २०१८ पासून शहर भिंतींवर आणि खांबांवर, नजरेच्या उंचीवर, नावांच्या पाट्या लावू लागलं. हेतू तोच राहिला, रूप बदललं. तुमच्या आवडीचं माध्यम कुणाला खुपलं तर आधी दुसरं माध्यम शोधा, विषय सोडू नका.

शेवटी जपणुकीचं, कारण उत्साहाच्या भरात हेच राहतं. १९८६ मध्ये, इंग्लंडच्या १०८६ सालच्या ‘डूम्सडे बुक’ या जमीन-पाहणीला नऊशे वर्षं झाली म्हणून बीबीसीने एक नवी पाहणी केली. दहा लाखांहून अधिक लोकांनी, त्यांत शाळकरी मुलं फार, आपापल्या भागाचं वर्णन लिहिलं, छायाचित्रं काढली. हे सगळं त्या काळच्या अद्ययावत लेसर डिस्कवर साठवलं. पंधरा-सोळा वर्षांत ती वाचणारी यंत्रं दुर्मीळ झाली आणि तो ऐवज बाहेर काढायला तज्ज्ञांना खास प्रकल्प हाती घ्यावा लागला. १०८६ चं चर्मपत्र अजून उघडून वाचता येतं. तेव्हा ॲप करायचं असेल तर खुशाल करा, पण त्यातला मजकूर साध्या फाइलीत वेगळा ठेवा, मुलाखतींची लेखी प्रत कागदावर काढा, आणि प्रत्येक गोष्टीच्या प्रती निदान दोन वेगळ्या इमारतींत ठेवा. छायाचित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, जागा, वर्ष आणि कुणाकडून आलं ते लिहा. बॉलपेनची शाई पुढच्या बाजूला उमटते. मूळ कागद मालकाकडेच राहू द्यात, तुम्ही स्कॅन घ्या आणि त्याची एक चांगली छापील प्रत त्याच दिवशी त्या घरात पोहोचवा. पुढच्या वेळी तिथूनच जुन्या कागदांचा दुसरा डबा निघतो.